बकारामचं न्येत

बकाराम मेट होता. खदानीत टोळीच्या म्होरक्याला मेट म्हणतात. मेटानं स्वतः घन मारायचा नसतो, उभं राहून मारवून घ्यायचा असतो. बकाराम मारायचा. दगड कुठून फुटणार ते आधी हाताला कळतं आणि डोळ्याला नंतर, असं त्याचं म्हणणं होतं. मी त्याच्या टोळीत घन मारायला होतो, म्हणून हे सांगू शकतो. त्याचा घाव वाया गेलेला मी फारसा पाहिला नाही. माझे पुष्कळ गेले.

खदान सालेकसा स्टेशनपासून पायी जाण्याच्या अंतरावर होती. खाली काळा टणक दगड, वर लाल मातीचा थर. पश्चिमेच्या अंगाला गावची बोडी, म्हणजे पाणी साठवायचा लहान तलाव. बोडीच्या मातीच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची शेतं. पुरुष सुरुंग लावून दगड काढत आणि घनानं तोडत. बाया तो हातोडीनं फोडून गिट्टी करत. बायांवर देखरेख बकारामच्या बायकोची, रुख्माबाईची. तिच्या ढिगात मोठा खडा सापडत नसे आणि तिच्या तोंडात मऊ शब्द सापडत नसे.

सत्तेचाळीस सालापर्यंत खदान एका गोऱ्या ठेकेदाराची होती. संध्याकाळी फाटकावर झडती व्हायची. छिन्नी नेली का, बारूद लपवली का. पुरुषांनी खिसे उलटे करायचे, बायांनी टोपली पालथी करायची. साहेबाला हिंदीचे मोजके शब्द येत. त्यातला एक नियत. "तुम लोग का नियत ठीक नहीं," हे तो रोज म्हणायचा. चोरी कधी सापडली नाही आणि झडती कधी थांबली नाही. दिवसभर घन मारून माणूस थकतो, पण ते थकणं झोपेनं जातं. झडतीचं जात नव्हतं.

पंधरा ऑगस्टला आम्ही काही जण गाडीनं गोंदियाला गेलो. सभा होती. एक वकील हिंदीत बोलले. पुष्कळ बोलले, त्यातलं एक वाक्य सगळ्यांना समजलं. दोस्ती सबसे, गुलामी किसी की नहीं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बकारामनं वाजवल्या नाहीत. तो विचार करत होता.

परतताना गाडीत तो म्हणाला, "ऐकलं का गा? आता झडती नाही."

मी म्हणालो, "भाऊ, ते देशाबद्दल बोलून राहिले होते. खदानीबद्दल नाही."

"आपन का देशाच्या बाहेर आहो?"

कामावर गेलो त्या संध्याकाळी फाटकावर तो उभा राहिला आणि त्यानं खिसे उलटे केले नाहीत. नुसता उभा. मागे आम्ही सगळे. साहेबानं त्याच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि बाजूला झाला. तोही जाण्याच्या तयारीत असावा. त्या हिवाळ्यात तो गेला आणि खदान गोंदियाच्या श्यामलालशेठनं घेतली. शेठ कंजूष होता, पण झडती त्यानं पुन्हा सुरू केली नाही. बकाराम म्हणाला, करून पाहावी.

पुढची वर्षं कामाची गेली. जगात काय चाललं आहे ते आम्हाला केशोरावांकडून कळायचं. केशोराव गावचे शेतकरी, बोडीखालच्या बऱ्याचशा बांध्या त्यांच्या. रेल्वेनं आलेलं वर्तमानपत्र ते स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर मोठ्यानं वाचत, आणि वाचता वाचता टोमणे मारत. कोरियात लढाई झाली, तेव्हा दोन्हीकडचे काही कैदी घरी परत जायला तयार नव्हते. त्यांना सांभाळायला आपले शिपाई गेले. लढायला नाही, सांभाळायला.

"हे का शिपायाचं काम आहे?" केशोराव म्हणाले. "दोघं भांडून राहिले आणि आपन त्यायच्या मंधात गुराखी."

"गुराखी कोनाले ठेवतेत, केशोरावजी?" बकाराम म्हणाला. "ज्याच्यावर दोघायचा भरोसा आहे त्यालेच ना?"

वर्तमानपत्रात या धोरणाला अलिप्तता म्हणत. आमच्याकडे तो शब्द कोणाच्या तोंडात बसला नाही. बकाराम त्याला गोंदियाच्या सभेतलं वाक्यच म्हणायचा. देशानं तेव्हा जे ठरवलं तेच आता बाहेरच्यांशी वागताना चालवून राहिला, असा त्याचा हिशोब. अमेरिका एकीकडे, रूस एकीकडे, आपण कोणाच्याच टोळीत नाही. काम दोघांकडून घेऊ, मेट आपला आपण.

छप्पन सालच्या दिवाळीच्या सुमारास दोन बातम्या लागून आल्या. इंग्रज आणि फ्रान्सवाले इजिप्तच्या कालव्यावर चालून गेले. आपल्या सरकारनं त्यांना ठणकावून सांगितलं की हे चुकीचं आहे. टपरीवर सगळे खूश. त्याच दिवसांत रूसचे रणगाडे हंगेरी नावाच्या देशात शिरले. केशोरावांनी तेही वाचलं. तिथं आपल्या सरकारचा आवाज उशिरा निघाला आणि बारीक निघाला.

केशोरावांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "का गा बकाराम? इंग्रजाले मोठ्यानं आन् रुसीले कानात?"

बकारामनं चहावर फुंकर घातली.

"मी सांगतो काऊन ते. भिलाईले लोखंडाचा कारखाना रुसी बांधून देऊन राहिला. देणाऱ्याले कोनी नाही म्हनत नाही. तू बी म्हननार नाहीस."

"माह्यावर वेळ आली त पाहू," बकाराम म्हणाला. चहा तसाच टाकून तो उठला. टाकून देणाऱ्यांतला तो नव्हता.

वेळ पुढच्या हिवाळ्यात आली. भिलाई आमच्यापासून रेल्वेनं जवळ. तोवर राज्यांच्या हद्दी बदलल्या होत्या, आम्ही मुंबई राज्यात गेलो होतो आणि भिलाई मध्य प्रदेशात राहिली होती, पण दगडाला हद्द नसते. कारखान्याच्या कामाला गिट्टी हवी होती आणि श्यामलालशेठला तिथल्या एका ठेकेदाराकडून आर्डर मिळाली. एवढी मोठी आर्डर खदानीनं कधी पाहिली नव्हती. शेठ म्हणाला, गिट्टी पसंत करायला रुसी इंजिनियर स्वतः येणार आहे, सगळ्यांनी नीट वागायचं.

इंजिनियर जीपनं आला. उंच, तांबूस, डोक्यावर टोपी. त्याचं नाव इगोर, पुढचं आम्हाला कधी म्हणता आलं नाही. त्याच्यासोबत हिंदी जाणणारा एक दुभाष्या होता, पण खालच्या वळणावर जीपचं चाक मातीत रुतलं, म्हणून तो ड्रायव्हरबरोबर मागेच थांबला. इगोरसाहेब चालत एकटाच वर आला. सरळ रुख्माबाईच्या ढिगापाशी गेला, मूठभर गिट्टी उचलली, खिशातून पांढरा रुमाल काढून त्यावर घासली, आणि मान हलवून म्हणाला,

"न्येत. न्येत."

बायांच्या हातोड्या थांबल्या.

"काय म्हनला वो तो?" एकीनं विचारलं.

"नियत म्हनला," रुख्माबाई म्हणाली. हातोडी तिनं खाली टाकली आणि उभी राहिली. "दहा वर्सं झाली हे आयकून. आता हा आला नवा."

त्या साहेबाला वाटलं असावं की बायांना नीट ऐकू आलं नाही. त्यानं रुमाल उंच धरला आणि मोठ्यानं म्हणाला, "न्येत! न्येत!"

पुरुषही घन टाकून जमा झाले. मंगरू नावाचा आमच्यातला तापट गडी पुढे सरकला, त्याला मी दंडाला धरून थांबवलं. बकाराम वरच्या कपारीवरून उतरला. त्यानं साहेबासमोरच्या सपाट दगडावर आपली तंबाखूची चंची ठेवली. मग चुन्याची डबी. मग काड्यापेटी. मग दोन्ही खिसे उलटे करून बाहेर ओढले आणि म्हणाला, "घे. पाह्य आमची नियत."

सत्तेचाळीसनंतर त्यानं खिसे उलटे केलेले मी तेव्हाच पाहिले.

साहेब गोंधळला. त्यानं चंचीकडे पाहिलं, बकारामच्या तोंडाकडे पाहिलं. इथली ही पाहुण्याला भेटायची रीत असावी, असं त्याला वाटलं असणार. त्यानं टोपी काढली. आपल्या कोटातून सिगारेटचं पाकीट काढून चंचीशेजारी ठेवलं. मग चाकू, एक किल्ली, एका बाईचा फोटो, अर्धवट खाल्लेला पाव. शेवटी त्यानंही दोन्ही खिसे उलटे करून बाहेर ओढले, आणि बकारामसारखाच उभा राहिला.

मग रुख्माबाई म्हणाली, "अवो माय, हा त सोताचीच झडती देऊन राहिला."

तेवढ्यात दुभाष्या धापा टाकत वर आला. दगडावरचा माल पाहून म्हणाला, "यह क्या बाजार लगाया है?"

"तुमचा साहेब आमची नियत काढून राहिला," मंगरू म्हणाला.

दुभाष्याला क्षणभर कळलं नाही. मग तो पोट धरून खालीच बसला. "अरे भाई, न्येत! रूसी में न्येत मतलब नहीं! पत्थर पर मिट्टी लगी है, यह पत्थर नहीं चलेगा, इतनी सी बात!"

बायांना आधी हसू आलं, मग आम्हाला. साहेबाला दुभाष्यानं सांगितलं तेव्हा तो हसला नाही. त्यानं छातीवर हात ठेवला आणि रुख्माबाईकडे पाहून काहीतरी म्हणाला. दुभाष्या म्हणाला, माफी मागतो आहे. रुख्माबाई म्हणाली, "माफी राहू दे, पाव उचल म्हना, मुंग्या लागल्या."

रुमालावर लाल डाग होता हे खरं होतं. माती लागलेला दगड सिमेंट धरत नाही. बकारामनं ते मान्य केलं आणि दुसऱ्या दिवसापासून गिट्टी टोपल्यांत भरून नाल्याच्या वाहत्या पाण्यात धुवायला घेतली. गार पाण्यात उभं राहून ओली टोपली हलवणं हे फोडण्यापेक्षा कठीण काम आहे. कमरेला लागतं. म्हणून धुलाईचे वेगळे पैसे त्यानं शेठकडून आधी कबूल करून घेतले.

साहेब त्यानंतर वरचेवर येऊ लागला. बकारामच्या शेजारी बसून त्यानं तंबाखूही खाऊन पाहिली. त्याची उचकी थांबवायला पाणी आणावं लागलं. मला ते दिवस चांगले आठवतात. परदेशी माणूस शेजारी बसला होता आणि कोणी उठून उभं राहत नव्हतं.

मग मागणी वाढली. धुतलेली गिट्टी पुरेना. साहेबानं खदान पायी फिरून पाहिली आणि पश्चिमेची कपार दाखवली. तिथला दगड उघडा होता, वर माती नव्हती, धुण्याचंही काम नाही. मोठे सुरुंग लावले की रेल्वेच्या वाघिणीच्या वाघिणी भरतील.

पण त्या कपारीला लागून बोडीची पाळ होती.

सगळे झाडाखाली बसले. साहेब, दुभाष्या, शेठ, बकाराम, आम्ही मागे. केशोरावही आले होते. बांध्या त्यांच्या होत्या, पण त्या दिवशी ते गप्प होते. साहेबानं समजावून सांगितलं. त्यानं मोजमाप केलं आहे, पाळीला बहुतेक काही होणार नाही. झालंच तर भिलाईहून सिमेंट देऊन नवी पाळ बांधून देऊ. तो खोटं बोलत नव्हता. त्याला कारखाना वेळेवर उभा करायचा होता आणि तो कारखाना आपलाच होता.

शेठ बकारामच्या कानाशी म्हणाला, "देख, रूसी को ना मत बोलना. पूरा आर्डर इसके हाथ में है. टोली का पेट है."

टोळीचं पोट होतं हे खरंच होतं. उन्हाळा तोंडावर होता आणि दुसरं काम नव्हतं. आम्ही बकारामकडे पाहत होतो. केशोरावही पाहत होते.

बकाराम म्हणाला, "साहेबाले सांगा. तुमचं माप खरं असन. आमी ते खोटं म्हनत नाही. पन बोडी गावाची आहे. तिले धोका द्याचा का नाही हे गाव ठरवन, भिलाई नाही. आमी तिथं सुरुंग लावत नाही. दगड दुसऱ्या अंगानं काढून देऊ."

दुभाष्यानं शेठकडे पाहिलं. शेठनं डोळ्यानं काहीतरी खुणावलं. दुभाष्या साहेबाला रशियनमध्ये थोडंसंच बोलला आणि हसला. साहेबही हसला आणि बकारामच्या पाठीवर हात ठेवू लागला.

"काय सांगतलं तुमी त्याले?" बकारामनं विचारलं.

"यही कि आप लोग सोच के बताएँगे."

"मी सोचून सांगतलं."

बकाराम उठला. साहेबाच्या समोर गेला. कपारीकडे बोट केलं, मग बोडीकडे, आणि स्पष्ट म्हणाला, "न्येत."

साहेबाचा हात हवेतच राहिला. शेठनं कपाळावर हात मारला. साहेब टोपी घालून जीपकडे चालू लागला. दुभाष्या मागे धावला.

"गया!" शेठ म्हणाला. "आर्डर गया! अब बोडी का पानी पी के जीना!"

टोळीतही कुरकुर झाली. परतताना मंगरू म्हणाला, "भाऊ, तो त आपला दोस्त होता ना गा? त्यानं सोताचे खिसे उलटे केले."

"होता म्हनूनच तोंडावर सांगतलं. त्या दुभाष्यावानी गोड बोलून मांगून फसवलं असतं त ते दोस्तीत बसते का?"

"आन् उद्या चूल कशावर पेटन?"

बकारामकडे एकच होतं, काम. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खदानीच्या पूर्वेच्या अंगाला गेला. तिथं दगड चांगला होता, पण वर पुरुषभर उंच मातीचा थर. तो थर हातानं काढणं म्हणजे कोणालाही नको असलेलं काम. माती ओली असली तर फावड्याला चिकटते, सुकली तर सब्बल, म्हणजे पहार, वर उडवते. आर्डर नाही, मजुरी नाही, आणि तो माती काढू लागला.

रुख्माबाई आली आणि काठावर उभी राहून पाहत राहिली. "येडा झाला का? कोनासाठी काढून राहिला?"

"दुसऱ्या अंगानं देतो म्हनलो. बोललो ते करून ठेवतो."

"आन् तो नाही आला त?"

"त दगड कुठं जाते?"

तिनं आणखी दोन शब्द ऐकवले, ते इथं लिहीत नाही. मग टोपली घेतली. तिच्यामागे बाया आल्या. बाया आल्यावर आम्हाला घरी बसणं जड गेलं. मंगरू सगळ्यांत शेवटी आला आणि त्यानं सगळ्यांत जास्त माती उचलली. केशोरावांनी माती वाहायला आपली बैलगाडी पाठवली. स्वतः आले नाहीत, पण गाडी रोज आली.

थर निघाला, खाली काळाभोर दगड दिसला. आम्ही छिन्नीनं त्याच्यावर खुणा करत होतो तेव्हा जीप आली. साहेब उतरला. पूर्वेच्या कपारीशी गेला, कडेनं चालत गेला, वाकून तळ पाहिला, काढून टाकलेल्या मातीचा ढीग पाहिला. तो ढीग पाहताना जास्त वेळ थांबला. काम जाणणाऱ्या माणसाला ढीग बरोबर वाचता येतो. मग त्यानं दुभाष्याला काही सांगितलं.

दुभाष्या या वेळी एकेक शब्द जपून बोलला. "साहब कहते हैं, यहीं से माल लेंगे. ऊपर उन्होंने बता दिया है कि तालाब वाली तरफ से गिट्टी नहीं मिलेगी."

"काय म्हनून सांगतलं?" बकारामनं विचारलं.

"बोले, मालिकों ने मना किया है."

शेठ पुढे झाला. "मैंने कब मना किया?"

साहेबानं मान हलवली आणि बोट टोळीकडे केलं. आधी बकाराम, मग रुख्माबाई, मग आम्ही मातीनं माखलेले सगळे. शेठ मागे सरला. रुख्माबाईला हसू आवरेना. "आयकलं का वो? मालकीनबाई टोपलं उचला!"

केशोराव संध्याकाळी टपरीवर बकारामच्या शेजारी येऊन बसले. चहाचे पैसे त्यांनी दिले. छप्पनच्या बोलण्याचा विषय दोघांनीही काढला नाही. फक्त जाताना म्हणाले, "दिल्लीवाल्यायले तुह्या खदानीवर पाठवाले पाह्यजे."

"घन मारतीन त या म्हना," बकाराम म्हणाला.

एकोणसाठ सालच्या सुरुवातीला भिलाईची पहिली भट्टी पेटली. कोणत्या पायाखाली आमचा दगड गेला हे आम्हाला कोणी दाखवलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. त्याच वर्षी चीनच्या हद्दीच्या बातम्या येऊ लागल्या. टपरीवर लोक म्हणू लागले की दोस्तीचं धोरणच फसलं. बकारामला ते पटलं नाही. सगळ्यांशी दोस्ती ठेवायची म्हणजे दोस्ताला नाही म्हणायचं नाही, असं कोणी ठरवलं होतं, असा त्याचा सवाल होता. दोस्ती चुकली नाही, नाही म्हणायला उशीर झाला, एवढं तो म्हणायचा, आणि कामाला लागायचा.

साठ साली महाराष्ट्र झाला. साहेबाचं काम संपून तो आपल्या देशी गेला होता. बोडी भरलेली होती. त्या थंडीत एक नवा ठेकेदार, रायपूरकडचा, मोटार घेऊन खदानीवर आला. बकाराम पूर्वेच्या कपारीत होता.

"रूसी लोगों वाली खदान यही है क्या?" त्यानं वरून विचारलं.

बकारामनं घन खाली ठेवला. "खदान आमची आहे," तो म्हणाला. "रुसी गिऱ्हाईक होते."

मग त्यानं कपाळावरचा घाम पुसला आणि गिट्टी किती बारीक पाहिजे ते विचारलं.